भाचीला पाय कसा लावायचा

मधुसूदनराव गावंडे म्हणजे जपून चालणारा माणूस. ओल्या फरशीवर ते भिंत धरून चालत, जिना उतरताना कठडा सोडत नसत, आणि वरातीत नाचायचा आग्रह झाला की ‘तुम्ही नाचा, मी चपला पाहतो’ म्हणून बाजूला होत. असा माणूस वयाच्या बावन्नाव्या वर्षी रोज सकाळी स्वतःला जमिनीवर आदळून घेऊ लागला. याला कारण त्यांची भाची हिमानी, आणि त्याहून मोठं कारण रुपराव झाडे.

रुपराव झाडे हे शिवसुंदर लेआउट नागरिक मंडळाचे अध्यक्ष. नागपुरात मानेवाड्याच्या पुढे प्लॉट पाडून वसवलेली वस्ती, म्हणजे हे लेआउट आहे. तिथे एक समाजभवन आहे. समाजभवनात फारसं काही घडत नाही. अध्यक्षांच्या बाबतीत मात्र तसं म्हणता येणार नाही. रुपराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण धरणाचे दरवाजे अजून आपल्याच सहीने उघडतात अशा चेहऱ्याने ते सकाळी फिरायला निघतात.

हिमानी मधुसूदनरावांच्या बहिणीची, भिवापूरच्या रुख्मिणीबाईंची मुलगी. शाळेत असताना मामाकडे शिकायला आली ती इथलीच झाली. ज्युदो खेळली, पदकं आणली, प्रशिक्षकाचा कोर्स केला आणि समाजभवनात लेआउटच्या पोरांसाठी वर्ग सुरू केला. पोरं खूश होती. पण एका बिछायत केंद्राच्या मालकाला गाद्या, तंबू आणि खुर्च्या ठेवायला तोच हॉल हवा होता आणि त्या बदल्यात तो गणपतीचा मंडप फुकट घालून देणार होता. त्यामुळे मंडळाच्या सभेत रुपरावांना एकाएकी पोरांच्या हाडांची काळजी वाटू लागली.

“हे कराटे-फराटे इथं नाही जमत,” ते म्हणाले. “उद्या कोण्या पोराचा हात मोडला, तर कोण जबाबदार? मले तर रात्रभर झोप नाही लागत.”

“सर, कराटे नाही, ज्युदो आहे,” हिमानी म्हणाली. “आणि यात पहिले पडायलेच शिकवतात. लागू नये म्हणून.”

“पोरं तशीही पडत राहते. त्यायचं काय आहे, रबराचे असतात. मोठ्या माणसाले शिकवून दाखव. लेआउटमधल्या एखाद्या जबाबदार माणसाले. पुढच्या सभेत त्यानं सगळ्यांसमोर करून दाखवावं. धडधाकट राहिला तर हॉल तुझा. नाही तर बिछायतवाल्याचा.”

सगळ्यांच्या माना मधुसूदनरावांकडे वळल्या. त्यात आश्चर्य काही नव्हतं. विदर्भात मामाने भाचीला नाही म्हणायचं नसतं. इकडे भाची मामाच्या पाया पडत नाही, मामा भाचीच्या पाया पडतो. दोन वेण्या घातलेली हिमानी पहिल्यांदा एस.टी.तून उतरली तेव्हा मधुसूदनरावांनी फलाटावरच वाकून तिच्या पायांना हात लावला होता आणि शेजारी उभा असलेला पुण्याचा प्रवासी बॅग खाली ठेवून पाहत राहिला होता. चुकून भाचीला पाय लागला, तर तो केवढा मोठा दोष! मामा हातातलं सगळं टाकून आधी तिच्या पाया पडणार, मगच पुढचं बोलणार.

शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी सभेत इतर कोणाला माहीत नव्हती. पुण्याच्या एका शाळेने हिमानीला क्रीडाशिक्षिका म्हणून बोलावलं होतं. हॉल गेला तर ती पुण्याला जाणार, हे तिने मामीला सांगितलं होतं आणि मामीने लगेच मामाला. मधुसूदनराव आणि नंदिनीबाईंना मूलबाळ नव्हतं. त्या घरात जो काही आवाज होता तो हिमानीचा होता. ती गेली की संध्याकाळी दोघं टीव्हीसमोर बसणार आणि रिमोटवरून भांडायलाही तिसरं कोणी नसणार. मधुसूदनरावांना ते चित्र अजिबात पाहवेना.

“मी शिकतो,” ते उभे राहून म्हणाले. मग आपण काय बोललो हे कळून हळूच खाली बसले.

रुपराव खात्यातून निवृत्त झाले होते, खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. त्यांनी डॉक्टरचा दाखला आणि पत्नीचं नाहरकत पत्र मागितलं. डॉक्टरांनी मधुसूदनरावांचं बीपी पुन्हा पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, “बीपी ठीक आहे. डोक्याचं मी पाहत नाही.” दाखल्यावर त्यांनी ‘व्यायामास योग्य’ असं लिहिलं. रुपरावांनी तो परत केला, कारण त्यात पडण्याचा उल्लेख नव्हता. डॉक्टरांनी वैतागून ‘पडण्यासही योग्य’ अशी पुस्ती जोडली. नंदिनीबाईंनी पत्रात ‘माझी हरकत आहे, पण ऐकतं कोण’ असं लिहिलं. ते नाहरकतमध्ये बसत नाही म्हणून तेही परत आलं. मग त्यांनी ‘माझी हरकत नाही, काही झालं तर अध्यक्षांच्या घरी आणून ठेवीन’ असं सुधारून दिलं. ते रुपरावांनी मुकाट्याने ठेवून घेतलं.

मग पोशाख आला. ज्युदोचा पोशाख म्हणजे जाड पांढऱ्या कापडाचा अंगरखा, ढगळ विजार आणि कमरेला पट्टा. मधुसूदनराव आरशासमोर उभे राहिले. आपण खेळाडू दिसतो की लग्नातले आचारी, याचा त्यांना नीट उलगडा होईना. नंदिनीबाईंनी मात्र पांढरं कापड पाहिलं आणि त्यांचे हात शिवशिवले. त्यांच्या माहेरी पांढरे कपडे म्हणजे खळ घालून इस्त्री, यात कधी तडजोड झालेली नव्हती. त्यांनी साबुदाण्याची चांगली दाट खळ केली.

दुसऱ्या दिवशी मधुसूदनराव वर्गात शिरले ते दरवाजातून आडवे होऊन. बाह्या कोपरात वाकत नव्हत्या. हिमानीने कॉलर धरली तर कडकन आवाज आला.

“मामी!” तिने तिथूनच फोन केला. “हे धरायचं असते वं, पापडासारखं बरणीत ठेवायचं नसते.”

“मग धर ना. कोण नाही म्हणून राहिलं?”

“हातात तुटून येऊन राहिलं!”

मामींना हे आवडलं नाही. कडक खळीला त्या घरात आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं. दोन-चार धुण्यांनंतर अंगरखा माणसात आला आणि शिक्षणाला सुरुवात झाली.

सुरुवात पडण्यापासून. खाली बसायचं, हनुवटी छातीला लावायची, नजर पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, मागे लवंडायचं आणि पाठ टेकता टेकता दोन्ही हात जोरात मॅटवर आपटायचे. म्हणजे धक्का हातातून निघून जातो आणि डोकं वाचतं. ऐकायला सोपं होतं. अडचण अशी की मधुसूदनराव आणि पट्ट्याची गाठ यांच्या मधे पोट होतं. गाठ दिसावी म्हणून ते मान वाकवत, मान वाकवली की श्वास अडकत असे, आणि श्वास अडकला की ते बसल्या जागी एका अंगावर कलंडत. शेजारची सात-आठ वर्षांची पोरं टपाटप पडून उठत होती आणि ‘मामा, असं’ म्हणून पुन्हा पडून दाखवत होती. आयुष्यभर ग्रंथालयाच्या नोकरीत ‘शांतता राखा’च्या पाटीखाली बसलेल्या माणसाला त्या पोरांसमोर उताणं पडून वर पंख्याकडे पाहताना काय वाटलं असेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी.

पण मधुसूदनराव चिकाटीचे. त्यांनी घरीही सराव सुरू केला. पुढच्या खोलीत गादी टाकून सकाळी चहाच्या आधी ते मागे लवंडत आणि हात आपटत. इथे यमुताईंचा प्रवेश होतो. यमुताई शेजारी राहत. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर गावंड्यांच्या पुढच्या खोलीसमोर होती. पडदा असल्यामुळे दिसत काही नसे, पण ऐकू सगळं येत असे. आणि त्यांना रोज सकाळी ऐकू येई ते असं: धप्प! फाट! मग नंदिनीबाईंचा आवाज, “लागलं का?” मग मधुसूदनरावांचा दबलेला आवाज, “नाही. आणखी एकदा.” की पुन्हा फाट!

काही दिवस यमुताईंनी धीर धरला. मग एका सकाळी त्यांनी मधुसूदनरावांना फाटकाशी गाठलं.

“भाऊ, तुम्ही बोलत नाही म्हणून आम्हाले समजत नाही असं नाही. किती दिवस चालून राहिलं हे?”

“काय?”

“मारणं.”

“कोण मारून राहिलं?”

“पाहा, अजून बायकोचं नाव नाही घेत माणूस,” यमुताईंचे डोळे भरून आले. “सहन करू नका, भाऊ. आजकाल पुरुषांसाठीही कायदे आहेत म्हणते.”

“अवो ताई, मी ज्युदो शिकून राहिलो!”

“हो, हो. असंच सांगा लागते,” यमुताई म्हणाल्या आणि त्यांच्या हातात हळदीच्या लेपाची वाटी ठेवून गेल्या.

त्या आठवड्यात लेआउटमधली निम्मी माणसं नंदिनीबाईंना पाहून रस्त्याच्या कडेला होत. भाजीवाल्याने त्यांना न मागता कोथिंबीर दिली. नंदिनीबाईंना हे आधी कळेना आणि कळल्यावर राग यायच्या ऐवजी थोडं बरंच वाटलं. मधुसूदनरावांची लाज मात्र पुरती गेली. पण पडणं त्यांना जमू लागलं होतं. हिमानी त्यांना पाडे, ते मॅटवर हात आपटत आणि जागच्या जागी उठून बसत. उठून बसताना त्यांच्या चेहऱ्यावर आपण अजून आहोत याचा एक निर्मळ आनंद दिसे.

खरा घोळ झाला तो पाडायला शिकताना.

सभेत पाडून दाखवायची वेळ आलीच तर असावा म्हणून हिमानीने त्यांना सोप्यातला सोपा एकच डाव शिकवायचं ठरवलं. समोरच्याची कॉलर आणि बाही धरायची, त्याला थोडं मागे रेलवून त्याचं वजन एका पायावर आणायचं, आपण त्याच्या बाजूला पाऊल टाकायचं आणि आपला दुसरा पाय त्याच्या त्या पायामागून फिरवायचा. “धान कापतो ना मामा, विळ्यानं, तसा,” हिमानी म्हणाली. सुतळीने बांधून उभ्या केलेल्या गादीवर मामांनी तो डाव असा केला की पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग गादीच्या जागी हिमानी उभी राहिली. मामांनी कॉलर धरली, बाही धरली, पाऊल टाकलं, पाय उचलला आणि तो पाय भाचीच्या पायापासून वीतभर अंतरावर हवेत थांबला.

“मामा, पाय.”

“हो वं, दिसून राहिला मले.”

“मग लावा ना!”

“तुले पाय कसा लावू?”

हिमानीने पट्टा सोडून पुन्हा बांधला. राग आला की ती असं करत असे. “मामा, मॅटवर मी तुमची भाची नाही. कोच आहे.”

“कोच झाली म्हणून भाची नाहीशी होते का?”

तिने फार आग्रह केला तेव्हा मामांनी डोळे मिटून पाय फिरवला. तो लागला. लागल्याबरोबर मधुसूदनराव सगळं सोडून झटकन खाली वाकले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तिचे पाय धरले. हिमानी बिचारी मामांची कॉलर धरून तोल जायच्या तयारीत उभी होती. मामा अचानक खाली गेल्यामुळे ती त्यांच्या पाठीवरून पलीकडे जाऊन पडली.

“हे काय केलं?” ती पडल्या पडल्या ओरडली.

“पाया पडलो.”

“मामा, ज्युदोत पायाले हात लावणं फाऊल आहे! स्पर्धेत बाहेर काढतात!”

“आणि आपल्यात पायाले पाय लावणं पाप आहे. त्याचं काय?”

यावर जपानात आजवर कोणी काही विचार केला असेल असं वाटत नाही.

मग उपाय सुरू झाले. मधुसूदनरावांनी आधीच नमस्कार करून ठेवायचं ठरवलं. वर्गात आल्याबरोबर ते भाचीच्या पाया लागोपाठ बरेचदा पडत, आजच्या खात्यात जमा असू द्यावेत म्हणून. पण पाय लागला की कमरेला ते कुठे माहीत असणार! कंबर आपली पुन्हा वाकेच. एकदा वर्गात डोकावून गेल्यापासून यमुताईंचा कायद्यावरचा विश्वास उडून ज्युदोवर बसला होता. त्यांनी मोजे सुचवले. “अंगाले अंग लागलं तर दोष. मधे कापड असलं तर नाही,” त्या म्हणाल्या. मधुसूदनरावांना ते पटलं. त्यांनी ऑफिसचे नायलॉनचे मोजे घातले, मॅटवर पाऊल टाकलं आणि डाव सुरू व्हायच्या आधीच समाजभवनाच्या मागच्या भिंतीपर्यंत घसरत गेले. तिथे त्यांनी हनुवटी छातीला लावून हात मॅटवर आपटला. त्यांना काही लागलं नाही. म्हणजे शिक्षण वाया गेलं नव्हतं एवढाच त्यातला आनंद.

शेवटी त्यांनी भिवापूरला बहिणीला फोन लावला. मुलीची आईच परवानगी देत असेल तर दोष अर्धा तरी व्हावा असा त्यांचा हिशोब होता. रुख्मिणीबाई अंगणात मिरची निवडत होत्या. बोलणं कमी आणि शिंका जास्त ऐकू आल्या.

“माझ्या पोरीले पाय लावशीन?”

“हॉलसाठी वं, अक्का. नाही तर पुण्याले जाते ते.”

मिनिटभर नुसत्या शिंका आल्या. मग आवाज आला, “लाव बाबा. पण कोणाले दिसू देऊ नको.”

आता सभा तर सगळ्या लेआउटसमोर होती.

सभेच्या रविवारी सकाळी समाजभवनात खुर्च्या मांडल्या, तर्री-पोह्यांचा वास दारापर्यंत आला. मधल्या जागेत हिमानीने मॅट जोडल्या. बिछायतवाला मालक पहिल्या रांगेत बसला होता. तो हॉलच्या भिंती डोळ्यांनी मोजत होता. रुपरावांनी भाषण केलं. त्यात मंडळाची स्थापना, नाल्याचा प्रश्न आणि ‘कराटे’ या खेळाचे धोके येऊन गेले. हिमानी पांढऱ्या पोशाखात शांत उभी होती. पण मधुसूदनरावांनी पाहिलं, ती पट्ट्याची गाठ पुन्हा पुन्हा चाचपत होती.

दोघं समोरासमोर आले, वाकले. हिमानीने मामांना पाडलं. फाट! मामा उठले. दुसरीकडून पाडलं. फाट! मामा पुन्हा उठले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. यमुताई शेजारच्या बाईला मोठ्याने म्हणाल्या, “पाहा, हाच तो आवाज,” आणि नंदिनीबाईंच्या नावावरचा डाग त्या क्षणी धुऊन निघाला. मधुसूदनरावांना वाटलं, झालं. जमलं.

पण रुपराव उठले. “पडून दाखवलं, मान्य. पण पडाले शिकाचं असन तर हॉल कशाले पायजे? आपल्या लेआउटचा रस्ता आहे ना. पाडून दाखवा.”

हॉलमध्ये हशा झाला. हिमानी पुढे आली. मधुसूदनरावांनी कॉलर धरली, बाही धरली. पाऊल टाकलं. पाय उचलला. पाय हवेत थांबला.

“मामा,” हिमानी कुजबुजली.

त्यांनी पाय खाली ठेवला आणि पुन्हा पकड घेतली. पाय उचलला. पुन्हा थांबला. मागून कोणी तरी हसलं. तिसऱ्या वेळी तर पाय नीट उचललाच गेला नाही.

“ठीक आहे, ठीक आहे,” रुपराव सभेकडे वळून म्हणाले. “मधुभाऊंनी प्रयत्न केला. वयाच्या मानानं कौतुकच आहे. आता हॉलबद्दल असं ठरते की...”

मधुसूदनरावांनी हिमानीकडे पाहिलं. ती रुपरावांकडे पाहत नव्हती, मामांकडेही नाही. ती खाली मॅटकडे पाहत होती. एवढ्या वर्षांत हरलेल्या सामन्यांवरून घरी आली तेव्हाही ती अशी कधी दिसली नव्हती. मधुसूदनरावांना एकदम राग आला: रुपरावांचा, बिछायतवाल्याचा, आणि सगळ्यात जास्त त्या हवेत लोंबकळणाऱ्या आपल्या पायाचा. एवढं माझं पोर निघून चाललं आणि हा पाय पापपुण्य पाहत बसला!

त्यांनी पकड घट्ट केली, पाऊल टाकलं आणि पाय फिरवला.

हिमानी हवेत उचलली गेली आणि मॅटवर असा हात आपटून पडली की पहिल्या रांगेतल्या पोह्याच्या बशा हलल्या. मधुसूदनराव तसेच उभे होते, बाही अजून त्यांच्या हातात होती. मग त्यांना कळलं. ते गुडघ्यांवर बसले आणि पडलेल्या भाचीच्या पावलांवर त्यांनी डोकं टेकवलं.

“अरे!” रुपराव ओरडले. “भाचीले लात मारली!”

सगळे एकदम बोलू लागले. यमुताईंनी तोंडावर पदर घेतला. डावाकडे कोणाचं लक्षच नव्हतं. रुपराव मॅटच्या काठापर्यंत आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि हा राग मात्र खरा होता. तो बिछायतीसाठी नव्हता.

“मधुभाऊ, तुमच्याकून ही अपेक्षा नव्हती! मामा असून भाचीले पाय? आणि ते काय तुमची एकट्याची भाची आहे? एवढीशी होती तवापासून पाहून राहिलो मी तिले. साऱ्या लेआउटची भाची आहे ते! आमची सगळ्यांची!”

हिमानी उठून बसली. तिने केस मागे केले, अंगरखा सारखा केला. ती रुपरावांना नेहमी सर म्हणत असे.

“मामा,” ती रुपरावांना म्हणाली, “मग भाची तुम्हाले काही मागून राहिली. हा हॉल मले द्या.”

सगळं लेआउट रुपरावांकडे पाहत होतं. चारचौघांत भाचीने हात पसरला आणि मामाने तो रिकामा परत पाठवला, असं झाडे घराण्यात कधी झालं असेल तर ते निदान रुपरावांना तरी ठाऊक नव्हतं. त्यांनी बिछायतवाल्याकडे पाहिलं. बिछायतवालाही नागपूरचाच होता, त्यालाही भाच्या होत्या. त्याने मान हलवून हात जोडले आणि आपली बशी उचलली.

“सकाळचे दोन तास,” रुपराव शेवटी पुटपुटले.

“आणि संध्याकाळचे, मामा?”

“...संध्याकाळचेही.”

एवढ्यावर ते सुटले असते. पण भरसभेत भाची म्हणून बसले होते, आणि भाचीला दिलेलं दान पाया पडल्याशिवाय पुरं होत नाही. रुपरावांनी एक हात खुर्चीला धरला, दोन्ही गुडघ्यांचा आवाज करत ते वाकले आणि त्यांनी हिमानीच्या पायांना बोटं लावली. मग कार्यकारिणीचे सगळे सदस्य रांगेत आले, कारण अध्यक्षांनी केलं आणि आपण केलं नाही असं दिसायला नको. हिमानी खाली मान घालून उभी होती. तिचे खांदे हलत होते. ती हसते आहे की रडते आहे ते नंदिनीबाईंनाही कळलं नाही.

लोक पोह्यांच्या दिशेने गेले तेव्हा मामा-भाची मॅट उचलून भिंतीशी लावत होते. आजवर ज्यांनी ज्युदो हा शब्द नीट उच्चारला नव्हता असे तिघं-चौघं जाताना ‘आमच्या वयाले जमते का वं?’ म्हणून विचारून गेले होते. पण त्या डावाबद्दल एकानेही एक शब्द काढला नव्हता. मधुसूदनरावांना ते आत कुठे तरी लागलं होतं.

“हिमानी, खरं सांगशीन का?” ते मॅटचं एक टोक धरून म्हणाले. “तू आपल्या मनानंच पडली ना? मामाची इज्जत राखाले?”

हिमानीने मॅट खाली ठेवली. “ठरवलं तसंच होतं मी. तुमचा पाय नुसता जवळ आला की पडून जायचं. पण मी पडायच्या आधीच तुम्ही पाडलं, मामा. मी सावरायले गेली, तर माझा पाय खाली होताच कुठे.”

“म्हणजे ते मी...”

“तुम्हीच. एकदम साफ.”

मधुसूदनराव गंभीर झाले. भाचीला पाय लावून तिला भरसभेत आडवं करणं, ही गावंड्यांच्या सात पिढ्यांत कोणी न केलेली गोष्ट होती. याचं वाईट वाटायला हवं होतं. ते वाईट वाटायची वाट पाहत थोडा वेळ उभे राहिले. काही वाटेना. उलट छाती भरून येत होती आणि हसू काही केल्या ओठांत मावत नव्हतं. त्यांनी दाराकडे पाहिलं, कोणी ऐकत नाही अशी खात्री केली आणि भाचीच्या कानाशी येऊन विचारलं,

“मग आता डाव्या पायाचं कधी शिकवशीन?”